आडवाटेच्या पबात जेवायला एवढी गर्दी का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. मध्यंतरी मुलीकडे इंग्लंडला गेले होते. तिने आम्हा दोघांना केंटमधल्या एका खेड्यात जेवायला नेले. तिथवर बस जात नाही, आजूबाजूला शेते आणि मेंढ्या, आणि दारावर पाटी पबची. मी तर दचकलेच! पण आत आजीआजोबा होते, लहान मुले होती, एका टेबलाखाली कुत्रा निवांत झोपला होता. टेबल मिळावे म्हणून मुलीने कितीतरी आधी नाव नोंदवले होते. बिल मात्र शहरातल्या बड्या हॉटेलासारखे आले. तर माझ्या शंका अशा : दारू विकणाऱ्या जागेत लोक सहकुटुंब जेवायला कसे येतात? इतक्या आडवाटेला शेफचा धंदा चालतो कसा? सगळे इथलेच, आसपासच्या शेतातले, असे ते अभिमानाने सांगत होते. मग ते स्वस्त का नाही? आणि आमच्या ह्यांच्यासारख्या शाकाहारी माणसाने अशा ठिकाणी काय खावे?

उत्तर : बाई, तुमच्या पहिल्या तीन शंकांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती क्रमाने सोडवू. चौथीचे उत्तर जरा सावधगिरीचे आहे, ते शेवटी देतो.

आधी दचकण्याविषयी. पब म्हटले की आपल्यासमोर मुंबई-पुण्यातला मंद उजेड आणि कानठळ्या बसवणारे संगीत येते. इंग्लंडच्या खेड्यातला पब मुळात तसा नव्हताच. बिअर विकायचा परवाना असलेले ते एक घर असे. वरच्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड, खाली शेकोटी, बाके आणि शेतावरून परतलेली माणसे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यालासुद्धा परवाना घ्यायला लावला. 'परमिट रूम' त्यातूनच आली, आणि दारूची जागा ही घरच्या माणसांपासून लपवायची जागा झाली. तिथल्या कायद्याचा कल वेगळा आहे. मोठे माणूस सोबत असेल तर मूल पबात येऊ शकते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तर मोठ्यांच्या सोबतीने, टेबलावर जेवता जेवता, बिअर किंवा वाइन घेण्याचीही मुभा आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेली आजी आणि नातवंडे तिथे चुकून आलेली नव्हती.

तरीही एक खरे की या घरात पूर्वी जेवण असे बेताचेच. बटाट्याच्या कापांचे पाकीट, व्हिनेगरमध्ये मुरवलेले अंडे, फार तर चीज-पाव. गल्ला भरायचा तो बिअरवर. मग त्या बिअरचा आधार एकेक करून निसटत गेला. शेतावर यंत्रे आली, मजूर कमी झाले. १९६७ मध्ये श्वासातून दारू तपासण्याची पद्धत कायद्यात आली आणि १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा ठरली. बस न जाणाऱ्या गावी गिऱ्हाईक येणार मोटारीने, आणि मोटारीने आलेला माणूस आता फार पिऊ शकत नव्हता. पुढे सुपरमार्केटांनी बिअर पबापेक्षा कितीतरी स्वस्त विकायला घेतली. १ जुलै २००७ पासून इंग्लंडच्या पबांत धूम्रपानबंदी आली. ब्रिटनमध्ये २००० सालच्या सुमारास साठ हजारांच्या आसपास पब होते, आता ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत. ज्या पबाला फक्त पिणाऱ्यांवर जगायचे होते, त्याचे खेड्यात कठीण झाले. मोटार चालवणारा माणूस फार पिऊ शकत नसला तरी जेवू शकतो, आणि बायकामुलांनाही आणू शकतो. पबात स्वयंपाकघर मोठे झाले ते यामुळे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बुडत्या पबांना वाचवायला शेफ धावून आले, अशी गोष्ट बहुधा सांगितली जाते. प्रत्यक्षात शेफ मंडळी आली ती जागा स्वस्त होती म्हणून. हे समजायला तिथली मालकीची रीत पाहावी लागते.

इंग्लंडमधले पुष्कळ पब हे बिअर गाळणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे ब्रुअरीच्या, किंवा पब बाळगणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असतात. चालवणारा हा भाडेकरू. तो भाडे देतो आणि वर करारानुसार बिअर त्याच मालकाकडून, मालकाच्या दराने घेतो. हा दर खुल्या बाजारापेक्षा चढा असतो. म्हणजे प्रत्येक ग्लासामागे मालकाचा वाटा आधीच निघून गेलेला असतो. पण हे बंधन पेयांपुरते. मटण कुठून घ्यावे, भाजी कोणाकडून घ्यावी, ताटाला किती लावावे, यात मालक पडत नाही. बिअरवर हात बांधलेले आणि जेवणावर मोकळे, अशा जागेचे मोल दारू विकणाऱ्यापेक्षा स्वयंपाक येणाऱ्याला जास्त. शिवाय पडीक पब घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, म्हणून सुरुवातीची रक्कमही आवाक्यातली. लंडनमध्ये रेस्टॉरंट थाटायचे तर लागणारा पैसा तरुण शेफकडे कुठून असणार?

गंमत अशी की या चालीची सुरुवात खेड्यात झाली नाही. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांच्या मक्तेदारीला आळा घातला, दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्यांना आपला पसारा मोकळा करावा लागला. त्या उलथापालथीत लंडनच्या फॅरिंग्डन भागातला 'द ईगल' हा पब डेव्हिड आयर आणि माइक बेलबेन या दोघांच्या हाती आला. १९९१ मध्ये त्यांनी तिथे बारच्या मागेच शेगडी मांडली आणि रोज फळ्यावर लिहून जेवण द्यायला सुरुवात केली. तिथून ही रीत खेड्यांत पोहोचली, आणि माझ्या मते तिचे खरे सोने झाले ते खेड्यातच. कारण कच्चा माल तिथे दारात होता.

तुम्ही केंटचे नाव काढलेत म्हणून त्याच परगण्यातले उदाहरण घेतो. व्हिटस्टेबलजवळ सीसॉल्टर नावाचे किनाऱ्यालगतचे गाव आहे. तिथे समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला बांध, बांधाला लागून 'द स्पोर्ट्समन' नावाचा पब, आणि त्याच्या मागे-पुढे खाजण. वारा इतका की झाडेही धड वाढत नाहीत. १९९९ मध्ये स्टीफन हॅरिस आणि त्याचा भाऊ फिल यांनी हा पब चालवायला घेतला. मालकी फॅव्हर्शमच्या शेफर्ड नीम या ब्रुअरीची, जी आपला इतिहास १६९८ पासून मोजते. बाई, हा हॅरिस एके काळी तुमच्याच व्यवसायातला, इतिहासाचा शिक्षक. मग लंडनमध्ये आर्थिक सल्लागार झाला. केटरिंग कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नाही. नामांकित शेफांच्या हॉटेलांत जेवायचे आणि घरी येऊन तोच पदार्थ जमेपर्यंत करून पाहायचा, असे त्याचे शिक्षण.

पब घेतल्यावर त्याने आसपास पाहिले, आणि इतिहासाच्या शिक्षकाने पाहावे तसे पाहिले. १०८६ च्या 'डोम्सडे बुक' या जमीन-नोंदीत सीसॉल्टरची नोंद आहे. हे गाव कँटरबरीच्या आर्चबिशपच्या मुदपाकखान्याकडे लावून दिलेले होते. मध्ययुगात या किनाऱ्यावर मिठागरे होती. खाडीत कालवे, खाजणावर मेंढ्या, आतल्या बाजूला फळबागा आणि डुकरे. ज्या जमिनीने एका धर्मपीठाचे स्वयंपाकघर पोसले, तिच्यावर आपला पब उभा आहे, हे त्याच्या ध्यानात आले. पडीक वाटणाऱ्या जागेला हा केवढा मोठा ठेवा होता!

म्हणून त्याने मीठ स्वतः करायला घेतले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बादलीभर, म्हणजे दहा लिटर पाणी आणले तर हाती येणार साडेतीनशे ग्रॅमच्या आतच. पाणी गाळून आटवायला ठेवले की आधी चुन्याचा आणि जिप्समचा पांढरट गाळ बसतो. तो काढून टाकावा लागतो, नाहीतर मीठ दाताखाली खडूसारखे लागते. मग आच मंद करायची. पाण्यावर पातळ पापुद्रे धरू लागतात, ते खऱ्या मिठाचे. ते निथळून घ्यायचे आणि तळाशी उरलेले पाणी टाकून द्यायचे. कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार शिल्लक असतात आणि ते कडू असतात. सगळे पाणी आटवण्याचा मोह झाला की मीठ बिघडले. हे मीठ तिथल्या पावाबरोबरच्या लोण्यात जाते, आणि ते लोणीही तिथेच साय घुसळून काढलेले. शेजारच्या भागातले डुकराचे मांस मिठात मुरवून, टांगून हॅम करायचे कामही तिथेच होते.

आता धंद्याच्या दृष्टीने बघा. विकतचे मीठ याहून कितीतरी स्वस्त पडते, नुसता इंधनाचा खर्चच त्याच्या वर जाईल. पण लंडनचा कितीही पैसेवाला प्रतिस्पर्धी सीसॉल्टरच्या बांधापलीकडचे पाणी आणून रोज मीठ करू शकत नाही. गिऱ्हाईक दोन तास गाडी चालवून येते ते या मिठासाठी, या लोण्यासाठी. तिथला गाजलेला पदार्थ म्हणजे समुद्रशेवाळ घातलेल्या लोण्यात भाजलेला छोटा सोल मासा. सोल म्हणजे आपल्या कोकणातल्या लेपच्या जातकुळीतला चपटा मासा. बड्या हॉटेलांना मोठा सोल हवा असतो. लहान आकाराच्या माशाला तसा भाव नसे, आणि हॅरिसने नेमका तोच उचलला. उत्तम हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडच्या २००८ च्या आवृत्तीत या पबाला तारा मिळाला आणि २०१६ मध्ये देशातले सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार.

मग तुमचा तिसरा प्रश्न येतो. माल दारातला, वाहतूक नाही, दलाल नाही, तर ताट महाग का? यात दोन हिशेब आहेत.

पहिला हिशेब सगळ्यांनाच लागू. समजा ताटाची किंमत २४ पाउंड आहे. त्यात २० टक्के व्हॅट धरलेला, म्हणजे ४ पाउंड सरकारचे. उरले २०. या धंद्यातला ठोकताळा असा की त्यातले सुमारे ३० टक्के, म्हणजे ६ पाउंड, कच्च्या मालाचे. बाकीच्या १४ पाउंडांत स्वयंपाक्यांचे आणि वाढप्यांचे पगार, भाडे, वीज, गॅस, विमा, धुलाई, फुटलेल्या बशा. सगळे भागल्यावर पब चालवणाऱ्याला थोडके उरते, आणि मंगळवारी दुपारी निम्मी टेबले रिकामी राहिली तर तेही नाही. म्हणून तर आधी नाव नोंदवून घेतात. किती माणसे येणार हे ठाऊक असेल तर तितकेच मासे, तितकेच मांस आणता येते. तुमच्या मुलीला टेबलासाठी थांबावे लागले त्यामागे प्रसिद्धी होतीच, पण ही काटकसरही होती.

दुसरा हिशेब दारातल्या मालाचा. शहरातला शेफ घाऊक व्यापाऱ्याला फोन करून पाहिजे तेवढी चाप मागवतो, बाकीचे कोकरू कोणाच्या गळ्यात पडते याची त्याला काळजी नसते. शेजारच्या शेतकऱ्याकडून घ्यायचे तर तो अख्खे कोकरू देतो. साधारण वीस किलोंच्या धडात झटपट भाजून वाढण्याजोगी चाप आणि पाठीचे मांस थोडेच. बाकी खांदा, मान, सीना, रान. त्यांना तासन्‌तास शिजवावे लागते, म्हणजे माणसाचा वेळ आला, आणि तिथे माणसाचा वेळच महाग. स्पोर्ट्समनमध्ये खाजणावर चरलेल्या कोकराचे भाजलेले मांस येण्याआधी सीन्याचा एक कुरकुरीत तुकडा पुदिन्याच्या चटणीबरोबर येत असे. आधी सीना मऊ शिजवायचा, दाबून गार करायचा, कापून पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. खाणाऱ्याला तो दोन घासांचा लाड वाटतो. शेफने मात्र त्यात अख्ख्या कोकराचा हिशेब बसवलेला असतो. हे ज्याला जमते त्याचेच 'स्थानिक' टिकते. नुसती पाटी लावणारा चाप विकून मोकळा होतो आणि उरलेल्या मांसात तोटा खातो.

आणि स्थानिक म्हणजे शंभर टक्के स्थानिक असेही समजू नका. केंटमध्ये लिंबे पिकत नाहीत, मिरी येत नाही, कॉफी नाही, चॉकलेट नाही. चांगला शेफ हे लपवत नाही. ताटाचा कणा जवळचा असावा, एवढेच त्याचे म्हणणे असते.

उत्तरेला यॉर्कशरमध्ये याच गोष्टीचे दुसरे रूप पाहायला मिळते. नॉर्थ यॉर्क मूर्सच्या कडेला ओल्डस्टेड नावाचे चिमुकले गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या बँक्स कुटुंबाने २००६ मध्ये गावातला 'द ब्लॅक स्वान' पब विकत घेतला. म्हणजे इथे शेफने शेत शोधले नाही, शेतकऱ्यानेच पब शोधला. थोरला मुलगा जेम्स बाहेरचे बघू लागला. धाकट्या टॉमीला खरे तर क्रिकेटपटू व्हायचे होते, तो स्वयंपाकघरात शिरला. २०१३ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, तो मिशेलिन तारा असलेला ब्रिटनमधला सर्वांत तरुण शेफ ठरला.

त्याच्यापुढची अडचण उत्तरेच्या हवेची. तिथे हिवाळ्यातल्या भाज्या संपतात आणि नव्या अजून हाती येत नाहीत, असा वसंतातला एक मोठा रिकामा काळ असतो. शेतावर जगणाऱ्या पबाने तेव्हा काय वाढायचे? टॉमी बँक्सने वर्षाचे तीनच भाग पाडले : टंचाईचा, सुबत्तेचा आणि बेगमीचा. सुबत्तेत आलेले बेगमीत मुरवायचे, आंबवायचे, वाळवायचे, आणि टंचाईत तेच काढायचे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे साधे बीट. क्रापोदीन नावाचे जुने फ्रेंच वाण, सालीला झाडाच्या खोडासारख्या भेगा, दिसायला अगदी ओबडधोबड. ते गोमांसाच्या चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवले की चिवट आणि गोड होते, मांसाची जागा घेते. शेतातली सर्वांत स्वस्त भाजी ताटातली सर्वांत महागडी झाली ती त्या तासांमुळे. मला हे बीट या सगळ्या चळवळीतले सर्वांत शहाणे काम वाटते. महागडा माल आणून महाग विकणे कोणालाही जमेल.

असा पब एकदा चालू लागला की तो पबापुरता राहत नाही. पन्नासएक खुर्च्यांच्या खोलीत किती माणसे जेवणार? कमाईला तिथेच मर्यादा पडते. म्हणून नाव झाल्यावर शेफ आपला माल खोलीबाहेर काढतो. बँक्स बंधूंनी यॉर्क शहरात 'रूट्स' उघडले, पुढे घरपोच जेवण आणि पाई विकायला सुरुवात केली. २०२४ च्या डिसेंबरात यॉर्कच्या ख्रिसमस बाजारासाठी निघालेली त्यांची २,५०० पाई भरलेली गाडी चोरीला गेली, तेव्हा टॉमीने चोराला जाहीर विनंती केली की गाडी तर गेली, निदान पाई गरजूंच्या पोटात जाऊ द्या. ज्या गावी पबाला गिऱ्हाईक मिळणे मुश्कील होते, तिथल्या माणसाने अडीच हजार पाई बाजारात न्याव्यात, यावरून या धंद्याचा पल्ला कळतो.

तेम्स नदीकाठच्या मार्लोमध्ये टॉम केरिज या शेफने हेच आणखी पुढे नेले. २००५ मध्ये त्याने पत्नी बेथच्या साथीने 'द हँड अँड फ्लॉवर्स' पब घेतला, तोही ग्रीन किंग या ब्रुअरीचा भाडेकरू म्हणूनच. वर्षभरात एक तारा आला. २०१२ च्या गाइडमध्ये दोन तारे मिळवणारा तो पहिला पब ठरला. पुढे त्याने त्याच गावात 'द कोच' नावाचा दुसरा पब काढला, आणि २०१७ मध्ये 'बुचर्स टॅप', म्हणजे खाटकाचे दुकान आणि पब एकाच छपराखाली. दिवसा मांस विका, तेच तिथे शिजवून वाढा. वर सांगितलेल्या खांद्या-सीन्याच्या हिशेबाला याहून सरळ उत्तर नाही.

ताऱ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याबद्दलचाही एक समज बाजूला करतो. तारा म्हणजे झुंबरे, गालिचे आणि पांढरे हातमोजे घातलेले वाढपी, असे पुष्कळांना वाटते. मिशेलिन ही टायर बनवणारी फ्रेंच कंपनी. लोकांनी मोटारीने हिंडावे म्हणून तिने १९०० मध्ये वाटाड्या छापला, आणि १९२६ पासून ती चांगल्या हॉटेलांना तारे देऊ लागली. तारा ताटातल्या अन्नाचा असतो : माल कसा, हात कसा, चवीत त्या शेफचे स्वतःचे काही आहे का, आणि दर खेपेला तीच प्रत राहते का. मेजावर चादर नसली तरी चालते. तरीही ब्रिटनमध्ये पबाला पहिला तारा मिळायला २००१ साल उजाडले. तो हेरफर्डशरमधल्या टिटली गावच्या 'द स्टॅग इन'ला मिळाला. मोटारीने जावे लागणारी आडवाट ही पबाची अडचण होती. टायरवाल्यांच्या वाटाड्यात नाव आल्यावर तीच त्याची ओळख झाली. मात्र तारा म्हणजे पैशांची हमी नव्हे. तो दर वर्षी नव्याने ठरतो, जाऊही शकतो, आणि तो राखायला स्वयंपाकघरात आणखी माणसे लागतात.

इथे माझे एक मत सांगून टाकतो. ज्या पबात गावचा माणूस चिखलाच्या बुटांनी येऊन फक्त एक ग्लास बिअर घेऊन कोपऱ्यात बसू शकत नाही, ते उत्तम रेस्टॉरंट असेल, पण तो पब उरला नाही. काही शेफ हे विसरले आणि गावाने त्यांना मनातून परके केले. ज्यांनी जपले त्यांना गावाने साथ दिली : वाढपी गावचेच मिळाले, शेतकऱ्याने उत्तम माल आधी त्यांना दाखवला. लँकेशरमध्ये मिटन गावच्या 'द थ्री फिशेस' पबाने २००४ मध्ये सुरू होताना भिंतींवर नटनट्यांऐवजी आपल्याला माल पुरवणाऱ्या शेतकऱ्यांचे आणि कोळ्यांचे मोठे कृष्णधवल फोटो लावले होते. ज्याचा फोटो भिंतीवर आहे तो त्या पबाला हलका माल घालील का? काही गावांनी तर शेफची वाट न पाहता पबच विकत घेतला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ मध्ये सहकारी तत्त्वावर आपला 'द ओल्ड क्राउन' घेतला आणि कितीतरी गावांना वाट दाखवली.

आता तुमच्या यजमानांच्या ताटाकडे वळू. आज बहुतेक चांगल्या पबांत शाकाहारी पदार्थ असतात, ठरावीक पदार्थांचे जेवण असेल तर आधी सांगितल्यावर वेगळे करूनही देतात. फसगत होते ती वरकरणी शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत. वर सांगितलेले बीटच पाहा, यादीत ते नुसते बीट म्हणून दिसेल. बटाट्याचे जाड काप पुष्कळ पबांत, विशेषतः यॉर्कशरकडे, गोमांसाच्या चरबीत तळतात. वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, आणि हा सॉस चीज-टोस्टवरही शिंपडतात. अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते. सूप भाजीचे असले तरी त्याचा आधार कोंबडीच्या हाडांच्या पाण्याचा असू शकतो. इतकेच काय, पिंपातली पारंपरिक बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या पिशवीपासून केलेले आइसिंग्लास वापरण्याची जुनी रीत अजून काही ब्रुअऱ्यांत आहे. यजमान बिअर घेत असतील तर तेही विचारून घ्यावे.

हे सगळे टेबलावर बसल्यावर विचारण्यापेक्षा नाव नोंदवतानाच मुलीला सांगायला सांगा. नुसते 'शाकाहारी' म्हणून थांबू नये. मासे नकोत, चरबीतले तळण नको, मांसाच्या पाण्याचे सूप नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. स्वयंपाकघर लहान असते आणि माल मोजून आणलेला असतो, त्यामुळे आयत्या वेळी बदल करणे शेफला अवघड जाते. पण आठवडाभर आधी कळले तर शेजारच्या मळ्यात त्या दिवसांत काय तयार आहे ते बघून तो यजमानांसाठी काहीतरी खास करील. आणि तुम्ही स्वतः कालवे खात असाल, तर सप्टेंबर ते एप्रिल या महिन्यांत जा. व्हिटस्टेबलची मूळची गावठी कालवे तेवढ्याच काळात मिळतात.